बोटीचा कौल

आमच्या खोलीत कॅसिनो निवडायला बसायचे तेव्हा चहा मीच करायची. म्हणून मला सगळं माहीत आहे. आमचे हे, त्यांचा गिरणीतला जोडीदार आणि खालच्या मजल्यावरचा मसाल्याचा दुकानदार, असे तिघे. खाटेवर गोव्याच्या हॉटेलांचे रंगीत कागद पसरलेले. एकवीसचा खेळ, त्याला ब्लॅकजॅक म्हणतात. त्याच्या स्पर्धा भरतात. सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच चकत्या देतात, ठरावीक डाव होतात आणि ज्याच्याकडे जास्त चकत्या उरतील तो पुढच्या टेबलावर. कुठे एका टेबलाला पाच माणसं, कुठे सात. कुठे हरलेल्याला परत घेतात, कुठे नाही. कुठे राहणं-जेवण धरून असतं. काही कॅसिनो हॉटेलांत, काही नदीत उभ्या बोटींवर. माझं लग्न ठरवताना एवढी चौकशी कोणी केली नव्हती.

"हॉटेलात मशीन आसा रे," जोडीदार म्हणायचा. "मशीनवर कसला खेळतलस? बोटीर खरी माणसां पानां वाटतत."

"बोटीर माका मळमळता," मसालेवाला.

"तू तुझी धणापावडर घेवन जा हुंगाक," हे म्हणायचे आणि तिघे हसायचे.

मी मोरीशी उभी राहून कपबश्या विसळायची. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो, लहानपणापासून. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभी केली तेव्हाही रडले होते. पण न बोलणाऱ्या माणसाला राग येत नाही असं यांना का वाटतं, ते मला कळलेलं नाही.

पत्त्यांची ही खोड संपातली. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं आणि गिरण्या बंद पडल्या. चाळीतले कितीतरी पुरुष गावी गेले, शेती बघायला लागले. हे म्हणाले, आज-उद्या मिटेल. आणि गॅलरीत चटई टाकून पत्ते कुटत बसले. मी शेजारणीबरोबर पापड लाटायला जायची. परत आले की आधी यांच्या मांडलेल्या पायांतून वाट काढायची, मग घरात.

तेव्हा माझी आई आली होती. एकटी, एसटीने, तांदळाची गोणी घेऊन. आमच्या गावातून सावंतवाडी, तिथून मुंबईची गाडी. लालबागला कोणाला तरी पत्ता विचारला आणि गोणी डोक्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली. गॅलरीत पत्ते चाललेले. तिने म्हटलं, "वाट दिया रे बाबांनो." त्यांनी पाय आखडून घेतले. उठलं कोणी नाही. सासूच्या डोक्यावर गोणी आणि जावयाच्या हातात राजा-राणी. आत येऊन गोणी टेकवली आणि आधी माझे हात बघितले. तो भात आम्ही सगळ्यांनी खाल्ला. ज्यांनी पाय आखडले त्यांनीही.

पुढे हे प्रभादेवीला एका इमारतीत लिफ्टवर लागले. पत्ते सुटले नाहीत. गिरणीचे अडकलेले पैसे हातात आल्यावर गोव्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. दोनदा मला म्हणाले, "चल, जाताना तुका आवशीकडे सोडतंय." पहिल्यांदा हॉटेल निघालं पार गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणाले, येताना उतरू. येताना तिघेही हरलेले, जीपमध्ये मयताला निघाल्यासारखे गप्प. माझ्या माहेरचा फाटा आला आणि गेला. मी मागच्या सीटवर बॅगा धरून बसले होते. पुढच्या वेळी जीपमध्ये जागाच उरली नाही.

तिसऱ्या वेळी भावाचा फोन आला की आई गोठ्याजवळ पडली, अंथरुणाला आहे, तुझं नाव घेते. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता स्पर्धा आसाच ना, तेव्हा जावया तिच्याकडे." तरी मी गप्प राहिले, कारण या वेळी निवड दोनच कॅसिनोंत होती. एक हॉटेल अलीकडच्या अंगाला, त्याचा रस्ता त्याच माहेरच्या फाट्यावरून जातो. तिथली स्पर्धा दुसऱ्या दिवशी. म्हणजे मला घरापर्यंत सोडून जायला वेळ होता. दुसरी बोट, पणजीला. तिथे त्याच संध्याकाळी नावं द्यायची, म्हणजे महामार्गाने तडक. आईला भेटायचं की नाही, ते कॅसिनोवर अवलंबून होतं. मी चहा करता करता देवाला म्हणत होते, मशीन, मशीन.

त्यांचं काही ठरेना. तेव्हा हे म्हणाले, "गावात उतरून कौल लावया."

यांचं गाव वाटेतच. सकाळी पोहोचलो, आंघोळी केल्या आणि देवळात गेलो. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला फुलाचे कळे लावतात. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. माणसं मुलीचं लग्न विचारतात, आजार विचारतात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां गोव्याक खेळाक जातत, तेंनी बोटीर जावचा काय नाय, ता तू उजवो-डावो करून सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघे ओरडले. मसालेवाल्याचा आवाज सगळ्यात मोठा.

कळा डावा पडला. बोट नको. माझे डोळे भरून आले, मी पदर तोंडाशी धरला.

"परत इचार," हे गुरवाला म्हणाले. "इचारताना चुकलस तू. बोटीर नफो आसा काय, असा इचार."

गुरवाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि परत कळा लावला. सगळे पाषाणाकडे टक लावून. वेळ चालला होता, पण देवळात यांना वेळ होता. आईसाठी नव्हता. कळा उजवा पडला. जोडीदाराने टाळी वाजवली, देवळात! मसालेवाला पुटपुटला, "मेलंय आता, ओकतलंय." हे हसत हसत चप्पल घालायला निघाले.

गुरव म्हातारा माणूस. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वयनीनू, तुमका काय इचारूचा आसा?"

त्या दिवशी राग घशाच्याही वर आला होता. मी म्हटलं, "नाय. माका माझ्या आवशीकडे जावचा आसा. ह्या देवाक इचारूचा नाय."

"अगे, येताना सोडतंय तुका," हे म्हणाले.

"तुम्ही बोटीर जावा," मी म्हटलं. "मी एसटीन जातंय."

"एकटी? तुका सावंतवाडीचो स्टँड तरी गावतलो काय?"

मी जीपमधून माझी पिशवी काढली. पिशवीचा बंद दारात अडकला, जोराने ओढला तर तुटला. तुटका बंद हातात धरून मी चालू लागले. मागून कोणी आलं नाही. हॉर्न मात्र वाजवला.

स्टँड सापडला. विचारलं की माणसं सांगतात. दुपार कलायच्या आत मी आईच्या खाटेशी होते.

आई वाळून गेली होती, पण डोळे तेच. तिने माझ्यामागे दाराकडे बघितलं.

"जावय खंय?"

"पत्ते खेळूक गेले."

"मगे तू एकटीच इलस?"

"होय."

"तर मगे इतकी वर्सां कित्याक नाय इलस?" आई म्हणाली. "गाडी तर रोज येता."

मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. यांच्यावरचा राग घेऊन आले होते, तो तिथे कुठे ठेवावा कळेना. मी तिचे केस सोडले. गुंता झाला होता. तेल कोमट करून आणलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक बट सोडवत बसले. ती मध्ये झोपायची, मध्ये जागी होऊन माझा हात चाचपायची.

दोन दिवसांनी अंगणाबाहेर जीप येऊन थांबली. कोणी उतरलं नाही. तिघांच्या तोंडांवरूनच नफ्याचं कळलं. यांनी काचेतून हाक मारली, "चल गे, बस लवकर. माका उद्या ड्युटी आसा."

मी पायरीपर्यंत गेले. माझ्या हाताला तेल होतं, ते मी पदराला पुसलं.

"तुम्ही जावा," मी म्हटलं. "गाडी रोज येता."