बर्फाच्या अडतीस वह्या

वर्ना पावलिक इंजिनिअरिंगच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं होती. त्यातली सव्वीस वर्षं ती दर महिन्याला ‘बातम्या आणि नवी साधनं’ नावाचं पत्रक काढत आली. आधी ते लिफ्टशेजारी टाचलं जाई, मग ईमेलनं जाऊ लागलं. एकदा तिनं मुद्दाम त्यात महिना चुकीचा घातला. कुणी काही बोललं नाही. तिनं पुन्हा असली परीक्षा घेतली नाही.

एका फेब्रुवारीत आयली निएमेला नावाची म्हातारी बर्फात खेळायच्या घसरगाडीवर दोन खोकी बांधून पार्किंगमधून ओढत आली. तिचा नवरा रेइनो नुकताच गेला होता. चाळीस वर्षं त्यानं उत्तरेकडे हिवाळी रस्ते आखले होते. नद्या गोठल्या की बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायची आणि किती वजनाचा ट्रक सोडायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. प्रत्येक भोकाची नोंद त्यानं पेन्सिलीनं केली होती. अडतीस वह्या भरल्या होत्या; त्या आयलीनं ग्रंथालयाला दिल्या.

वर्नानं अख्खा उन्हाळा त्यांची सूची करण्यात घालवला आणि त्या तळमजल्यावरच्या एका कपाटात लावल्या. कुणी वही घरी नेऊन हरवू नये म्हणून तिनं नियम केला: इथेच बसून वाचायच्या. पत्रकात त्यांना सगळ्यात वरची जागा दिली. दोन वर्षं एक माणूस बघायला आला नाही.

मग तळमजला रिकामा करायचं ठरलं. तिथे थ्रीडी प्रिंटर आणि गटचर्चेच्या खोल्या येणार होत्या. प्रमुख डॅरेलनं सांगितलं, “पत्रकात दोन ओळी टाक ना, वर्ना. वापरात नसलेली छापील सामग्री काढतोय, कुणाला हवी असेल तर पंधरा तारखेपर्यंत सांगा. आणि जरा आनंदानं लिही, मयताची बातमी देतेस तसं नको.”

तिनं लिहिलं. आनंदानं लिहिलं. सामग्री म्हणजे नेमकं काय काय, हे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, तिचं सगळं लक्ष तिकडे होतं.

पाच आठवड्यांनी ती काठी टेकत परत आली. ईमेल उघडली, तर वेस्ली मीकिस नावाच्या इंजिनिअरचं पत्र येऊन पडलेलं. उत्तरेकडच्या ओजी-क्री आदिवासींच्या एका वस्तीत तो रस्त्यांचं काम बघायचा. ‘आमच्याकडे बर्फ आता उशिरा धरतं. गेल्या वर्षी बर्फ फुटून एक ट्रक खाली गेला, ड्रायव्हर सापडला नाही. आमच्या नदीची जुनी मापं तुमच्याकडे आहेत, असं तुमच्या एका जुन्या पत्रकात दिसलं. कधी येऊ?’

वर्नाला इतका आनंद झाला की काठी न घेताच ती कपाटाकडे निघाली. कपाट जागेवर नव्हतं. तिथे गालिचा घातला होता.

“यादी कम्प्युटरनं काढली,” डॅरेल म्हणाला. “ज्याच्या नावावर एकही देवघेव नाही, ते बाहेर.”

“अरे, त्या घरी द्यायच्याच नव्हत्या! मीच तसा नियम केला होता.”

“मग देवघेव शून्यच दिसणार ना, वर्ना. आम्हाला कसं कळावं?” तो वाईट माणूस नव्हता, त्याचा चेहरा उतरला होता. “लगदा होऊन अकरा दिवस झाले गं. कुणी मागितल्या नाहीत.”

वेस्लीला तिनं खरं ते कळवलं आणि सूची पाठवली: नदीचं नाव, वर्ष, वहीचा क्रमांक. मापं त्यात नव्हतीच. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘ठीक आहे, आम्ही आमची भोकं पाडतो.’

रविवारी ती आयलीकडे गेली. आयलीनं कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. वर्नानं काही न लपवता सांगितलं, स्वतःच्या नियमाचं आणि त्या दोन ओळींचंही.

आयली बराच वेळ पाव कापत राहिली, खाणारं कुणी नसताना.

“माझ्या दोन्ही बाळंतपणांना तो त्या नद्यांवर होता,” ती म्हणाली. “धाकटी तिसऱ्या दिवशी गेली. त्यानं तिला बघितलंच नाही. मी त्या वह्या जाळायला निघाले होते एकदा. मग वाटलं, नको, कुणाचा तरी जीव वाचेल त्यांनी.”

“आयली, मी...”

“तू जा आता, वर्ना. कॉफी राहू दे.”

वर्ना गाडीत जाऊन बसली. किल्ली हातात धरून ती बसूनच राहिली. खिडकीतून आयली दिसत होती, कापलेला पाव पुन्हा कागदात गुंडाळत. जूनमध्ये वर्नानं मुदतीआधीच नोकरी सोडली. आयलीनं तिचा फोन पुन्हा कधी घेतला नाही.