अप्पांचं तांब्याचं पात्र

मी पुण्याला निघालो तेव्हा अप्पा उंछवृत्तीची फेरी अर्धवट टाकून कुंभकोणम् स्टेशनवर आले होते. हातात चिपळ्या, खांद्याला टांगलेलं तांब्याचं पात्र. भजन म्हणत दारोदार तांदूळ मागायचे आणि त्याचाच नैवेद्य घरच्या विठ्ठलाला, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. थोरला अण्णा आधीच सरकारी नोकरीवर उत्तरेला गेला होता. अप्पा म्हणाले, "हें पात्र तुजसाठीं ठेवतों. लौकर ये."

मी लवकर आलो नाही. पुण्यात माझं, पूर्वजांनी दक्षिणेत नेलेलं जुनाट मराठी ऐकून ऑफिसातले हसायचे, म्हणून ते बदललं. फ्लॅट घेतला, मुलं तिथलीच झाली. तरी सुट्टीत कुंभकोणम् कधी चुकवलं नाही. अप्पांच्या आजारपणात उशाशी मी होतो. अण्णा तोवर राज्यपाल झाला होता. अंत्यविधीला लवाजमा घेऊन आला आणि दुपारी परत गेला.

पद सुटल्यावर मात्र तो थेट घरी राहायला आला. माळ्यावरचं पात्र काढलं, चिंचेनं लख्ख घासलं आणि अनवाणी मागायला निघाला. मला साधं विचारलंही नाही. आता पार आडुतुरैहून माणसं 'गव्हर्नर सार'ना बघायला येतात. राजभवनात राहिलेला माणूस तांदूळ मागतो म्हणून त्यांचे डोळे भरून येतात. माझ्या पोटात दुखतं, आणि ते मी लपवत नाही. आपल्यातले गाव सोडून गेलेले जे कोणी हे वाचतील, त्यांनाही थोडं दुखेल. अण्णाला ना आवाज, ना ताल. तरी ओसरीवर बसून त्याचं भजन ऐकताना आईचा चेहरा जसा फुलतो, तसा माझ्यासाठी कधी फुलला नाही.

आमच्याकडे एक नियम आहे. मागणाऱ्याच्या पात्रात त्याच्या घरच्यांनी तांदूळ घालायचे नाहीत. अप्पा आमच्याच दारावरून मान न वळवता पुढे जायचे, तेव्हा लहानपणी मी रडायचो.

परवा अण्णा मागत आमच्या गल्लीत आला तेव्हा सुट्टीला आलेला मी दाराशी आईशेजारी उभा होतो. दोन घरांना कुलूप होतं, त्याचं पात्र अर्धंही भरलं नव्हतं. आईनं आतून तांदूळ आणून माझ्या ओंजळीत दिले.

"आई, घरचे चालत नाहीत," मी म्हणालो.

"तुझें घर पुण्यांत नव्हे?" ती सहज म्हणाली. "तूं घाल."

अण्णा दाराशी थांबला. मी तांदूळ घातले. देणाऱ्याला करतात तसा त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि गात पुढे गेला. अप्पांनी माझ्यासाठी ठेवलेल्या पात्राला माझा हात लागला तो असा, परक्या घरचा म्हणून.