थायरॉइड सोसायटीचा पहिला नियम

ती बाई माझ्या दवाखान्यात आली तेव्हा मुलगी तिच्या कडेवर होती. खरं तर मुलीचं कडेवर बसायचं वय उलटून गेलं होतं. अमरावतीत माझा लहान मुलांचा दवाखाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता. बाई भातकुलीकडच्या एका खेड्यातली. घरची झेंडू-शेवंतीची शेती. नवरा फुलं बाजारात उतरवून तिला माझ्याकडे सोडून गेला होता.

मुलगी तीन वर्षांची, पण अंगापिंडानं वर्षाच्या लेकराएवढी. कातडी कोरडी, जीभ जाड होऊन ओठांबाहेर आलेली, बेंबी फुगलेली. उभीही राहत नव्हती. मी तपासायला हात लावला तशी ती रडली, आणि तो आवाज इतका घोगरा होता की बाहेर बसलेली माणसं दारातून वाकून पाहू लागली.

"तान्ही असताना कशी होती?" मी विचारलं.

"लय गुणाची होती, डॉक्टरबाई. रडेच नाई. दूध पाजाले उठवा लागे. सारं गाव म्हणे, असं शांत लेकरू आमी पायलं नाई."

तिचं रक्त मी अकोल्याला पाठवलं. तिथले एक वयस्क पॅथॉलॉजिस्ट थायरॉइडच्या तपासण्या करत. रिपोर्ट टपालानं पाठवण्याआधीच त्यांनी फोन केला. "मॅडम, आकडा इतका वर गेलाय की मी तपासणी पुन्हा करून पाहिली. मूल केवढं आहे?" मी वय सांगितलं.

दुसऱ्या भेटीत मी बाईला समजावून सांगितलं. गळ्यातली ग्रंथी जन्मापासून काम करत नाही. रोज एक लहानशी गोळी द्यायची, जन्मभर. मुलगी चालेल, वाढेल, आवाज सुधारेल. पण बुद्धीची जी वाढ पहिल्या महिन्यांत व्हायची राहिली, ती आता पूर्ण भरून येणार नाही.

तिनं पदर तोंडाला लावला नाही, रडलीही नाही. म्हणाली, "जनमल्याबरोबर समजलं असतं काय?"

"हो. रक्त तपासलं असतं तर."

"मंग काहून नाई तपासलं?"

"आपल्याकडे कुठल्याच बाळाचं तपासत नाहीत," मी म्हणाले. तेव्हा खरंच तसं होतं.

हे संभाषण मी अकोल्याच्या त्या सरांना सांगितलं. त्यांची अडचण वेगळी होती. तपासणीचा किट एकदा उघडला की ठरावीक दिवसांत संपवावा लागतो, आणि नमुने येणार तुरळक. अर्धा किट वाया जाई. "दोन्ही जिल्ह्यांतल्या बाळंतपणाच्या दवाखान्यांनी मिळून नमुने पाठवले, तर प्रत्येक बाळाचं नाळेतलं रक्त तपासता येईल," ते म्हणाले. "पण त्यासाठी डॉक्टरांना एकत्र आणायला हवं." आमच्या थायरॉइड सोसायटीची सुरुवात ही अशी झाली.

एकत्र आणणं सोपं नव्हतं. अमरावतीकर अकोल्याला जायला तयार नव्हते आणि अकोलेकर अमरावतीला. शेवटी मधलं म्हणून मूर्तिजापूर ठरलं. तिथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यावर एक हॉल होता, त्यात आम्ही जमू लागलो. पहिल्या काही बैठका नाव काय असावं आणि अध्यक्ष कुठल्या गावचा असावा, यातच गेल्या. अध्यक्ष झाले अमरावतीचे एक ज्येष्ठ सर्जन. गलगंडाच्या शस्त्रक्रियांत त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. तान्ह्या बाळांच्या रक्ताचा विषय त्यांना फारसा पटलेला नव्हता. एका बैठकीत ते मला म्हणाले, "तुम्ही त्या मुलीबद्दल इतकं सांगता, तर पुढच्या सभेत तिला आणा. पेशंट डोळ्यांनी दिसला की लोकांना पटतं."

मी निरोप दिला. बाई लगेच तयार झाली. मोठमोठे डॉक्टर मुलीला पाहणार, म्हणजे आणखी काही उपाय निघेल असं तिला वाटलं असावं. तसं नाही, हे मी तिला सांगितलं होतं. पण आशा असली की माणूस अर्धंच ऐकतो.

गोळी सुरू होऊन तोवर काही महिने झाले होते. मुलगी हात धरून चालायला लागली होती. त्या दिवशी तिला नवा फ्रॉक घातला होता, केसांत शेवंतीची फुलं होती. अध्यक्षांनी तिला टेबलावर उभं करायला सांगितलं. ते बोलू लागले: जीभ पाहा, नाकाचा दांडा पाहा. पुढच्या रांगेतले डॉक्टर जवळ आले. एकानं खिशातून कॅमेरा काढला. अध्यक्ष म्हणाले, "फ्रॉक जरा वर करा, बेंबी दिसू द्या."

बाईनं फ्रॉकची कड दोन्ही हातांनी खाली धरली. "औषध सांगाचं असन तर सांगा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "नुसतं पाहाचं असन तर मी नाई दाखवत." मुलीला उचलून ती जिना उतरून गेली.

मी उठणार तोच अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही थांबा, मी जातो." त्यांचे गुडघे दुखत. कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरताना दिसले. बऱ्याच वेळानं परत आले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आपल्या सभेत यापुढे पेशंट उभा करायचा नाही. फोटो घ्यायचा नाही. आणि नाळेच्या रक्ताचं काम पुढच्या महिन्यापासून सुरू. माझी मुलगी बाळंतपणं करते, तिच्या हॉस्पिटलपासून करा."

खाली काय झालं ते बाईनं मला परतीच्या गाडीत सांगितलं. "थो म्हातारा डॉक्टर पायरीवर येऊन बसला माह्याजवळ. म्हणे, आमचं चुकलं. मंग मी काय बोलनार?"

काम सुरू झालं. अमरावतीच्या बाळांच्या रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यातून अकोल्याला जात. बरेच महिने सगळे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा खर्च वाया जातोय अशी सभासदांत कुरबुर सुरू झाली. मग पातूरचं एक बाळ सापडलं. मुलगा. अगदी शांत. त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली.

पण सहा-सात महिन्यांनी त्याच्या रक्तातला आकडा पुन्हा चढला, म्हणजे गोळी बंद झाली होती. अकोल्याचे सर मला गाडीत घालून पातूरला घेऊन गेले. बाळाच्या आजीनं आम्हाला चहा दिला आणि सरळ सांगितलं, "चांगलं हसते, खेळते. बिमारी असती तं दिसली असती ना? निरोग्या लेकराले रोज गोळी कायले द्याची?" सून दारामागे उभी होती. सरांनी परोपरीनं समजावलं. आजी मान डोलवत राहिली. गोळी सुरू होणार नाही, हे आम्हाला दोघांनाही परत येताना कळत होतं.

त्या आठवड्यात भातकुलीची बाई मुलीला घेऊन तपासणीला आली. माझा चेहरा पाहून काय झालं म्हणून तिनं विचारलं, मी पातूरचं सांगितलं. तिनं मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले घेऊन चाला तिथी."

"पण ताई, मुलीला नेऊ नका," मी म्हणाले.

"तिले नेल्याबिगर त्यायले समजन काय?"

पातूरच्या त्या घरात ती चटईवर बसली, मुलीला शेजारी बसवलं आणि सासूशी नाही, सुनेशी बोलली. "माहीबी अशीच शांत होती. आमालेबी गुणाची वाटे. तुह्या लेकराले टाइमावर भेटलं, बाई. बंद नको करू." सासू मुलीकडे पाहत होती. मुलगी त्या बाळाच्या पायातल्या वाळ्याशी खेळत होती. सून उठली, डबीतून गोळी काढली, चमच्यात दूध घेऊन त्यात विरघळवली. सासूनं बाळाला मांडीवर घेऊन तिच्यापुढे धरलं.

तो मुलगा आता अकोल्यात कॉलेजात शिकतो. अकोल्याचे सर गेले. सर्जनही गेले. सोसायटीच्या सभा हल्ली हॉटेलात होतात. नवीन डॉक्टर हुशार आहेत, त्यांच्याकडे अशी कितीतरी मुलं वेळेवर सापडलेली आहेत. मागच्या वर्षी त्यांनी मला सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलायला बोलावलं. मी हे सगळं सांगितलं. मूर्तिजापूरच्या त्या सभेचा एकही फोटो नाही, म्हणून पडद्यावर दाखवायला काही नव्हतं.

नंतर जेवताना एका तरुण डॉक्टर मुलीनं हळूच विचारलं, "ती मुलगी आता कशी आहे?"

ती आता बाई झाली आहे. आईजवळ असते. फुलं तोडते, हार करते, पण हिशेब जमत नाही म्हणून आई तिला एकटीला बाजारात पाठवत नाही. आपल्यामागे तिचं कसं होणार, असं आई मला दर भेटीत विचारते. सकाळी उठल्यावर गोळी मात्र ती स्वतःच्या हातानं घेते. कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.