वरून काढलेले फोटो

उरणकडची विनिता घरत माश्या ओळखायची. हसू नका, गावानं आधीच पोटभर हसून घेतलंय. घरतांची पोरगी शिकून सवरून माश्या मारत बसते, असं तिच्या तोंडावर म्हणायचे. या घरातल्या माश्या नव्हेत. फुलासमोर हवेत जागच्या जागी थबकणाऱ्या, मधमाशीचं सोंग घेतलेल्या पण डंख नसलेल्या सिरफिड माश्या. कॉलेजात दिनानाथ सरांनी तिला हा नाद लावला, आणि वर एक शिस्तही. "दिसलं तेवढंच लिहायचं. अंदाज आपल्यापाशी ठेवायचा." सर गेले, शिस्त मात्र हिच्या मानगुटीवर बसली ती बसलीच.

पुढे घरबसल्या हेच तिचं काम झालं. एखाद्या जागेवर बांधकाम व्हायच्या आधी तिथल्या जिवांची पाहणी करणारे लोक माश्या पकडायचे, टाचणीवर लावून फोटो पाठवायचे, आणि विनिता पंखांच्या शिरा, डोळे, पोटावरचे पट्टे बघून जात सांगायची.

गेल्या हिवाळ्यात आलेले फोटो तिच्याच गावामागच्या मिठागरातले निघाले. बंद पडलेल्या त्या आगरात भराव टाकून ट्रेलरचा तळ व्हायचा होता. तिथल्या उघाडीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, पाणी साचायचं. आयुष्यातली पहिली माशी विनितानं तिथेच पकडलेली. पाहणीत काही वेगळं सापडलं तर भराव थांबवून पुन्हा पाहणी करावी लागते, हे तिला ठाऊक होतं.

आणि एका फोटोत ते वेगळं होतं. या किनाऱ्यावर कुणी न नोंदवलेली जात. निदान तसं वाटत होतं. खात्री व्हायची ती मागच्या पायाच्या मांडीवरून, आणि फोटो सगळे वरून काढलेले, पाय पोटाखाली दडलेले. तिनं पाहणीच्या ऑफिसातल्या मृणालला फोन लावला.

"ती माशीच मला पाठवता का? नाहीतर बाजूनं एक फोटो तरी काढा."

"मॅडम, त्या पेटीला मुंग्या लागल्या. टाकून दिली. फोटो आहेत ना?"

मग विनिता जाळी घेऊन स्वतःच गेली. उघाडीपाशी मुरमाचे ढीग पडले होते, आणि पुढचा डंपर रिकामा करत होता तिचा सख्खा भाऊ, निकेत.

"गो ताई, तू कशाला आलीस इथं?"

"निकेत, आजचा दिवस थांब रे. एक माशी शोधायचीय."

"माशी? मी थांबलो तर दुसऱ्याचा डंपर लागंल. भराव काय थांबनार न्हाय."

त्याचंही खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. ती संध्याकाळपर्यंत धुळीत फिरली. जाळीत काहीच आलं नाही.

घरी येऊन ती त्या फोटोपुढे बसली. नाव ठोकून द्यावं, कोण तपासणार होतं? माशी मुंग्यांनी खाल्लेली. पण सरांचं वाक्य आडवं आलं. तिनं लिहिलं, 'जात निश्चित सांगता येत नाही.' ऑफिसानं वर पाठवलेल्या अहवालात त्याचं झालं, 'उल्लेखनीय काही आढळले नाही.' तेव्हा तिला सरांचा राग आला, जन्मात पहिल्यांदा. पण गेलेल्या माणसाशी भांडणार कसं?

उन्हाळ्यात आगर सपाट झालं, आणि मृणालचा फोन आला.

"मॅडम, साहेब तुमच्यावर खूश आहेत. बाकीचे उगाच काहीबाही लिहून काम अडवतात. तुमचं तसं नाही. आता दिघीकडे भराव पडायचाय, तिथले फोटोही तुम्हालाच पाठवलेत."

"बाजूनं काढलेत ना या वेळी?"

"मी विचारलं होतं. साहेब म्हणाले, वरूनचेच पुरेत."

विनितानं फोटो उघडले. एकाही माशीचा पाय दिसत नव्हता.