मुद्देमालात न गेलेल्या गुणपत्रिका

ती घटना विसरायचं म्हटलं तरी जमत नाही. तिच्यापायी मिळालेला मेमो अजून माझ्या कपाटात आहे.

मी शिपायापासून वर आलेला, त्यात जीभ तिखट. म्हणून २००६च्या सुमारास बदलापूर पोलीस ठाण्यात मला चारित्र्य पडताळणीचं टेबल दिलं. साहेबांच्या हिशेबी ती शिक्षा.

कुळगावातल्या एका मुलीला कॅनडात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. वडील आनंदनगरच्या कारखान्यात फिटर. स्टडी परमिटसाठी, म्हणजे तिकडे शिकायच्या परवान्यासाठी, तिला आमचा दाखला हवा होता. तेवढ्यात निनावी पत्र आलं: मुलीने नोकरीचं खोटं प्रमाणपत्र जोडलंय. मी बापलेकीला बोलावलं.

"नोकरी कुठे केलीस?"

"कुठेच नाही, सर. उल्हासनगरच्या एजंटने तसं प्रमाणपत्र बनवलं होतं. मी ते त्याच्याकडेच सोडलं; म्हटलं, हे लावणार नाही, अर्ज माझा मीच भरते. तेव्हापासून तो माझ्या मूळ गुणपत्रिका देत नाही. अर्जाच्या मुदतीला दहाच दिवस उरलेत."

जे प्रमाणपत्र एजंटच्या खणाबाहेर पडलंच नाही, ते पत्र लिहिणाऱ्याला कसं ठाऊक? चोर तिथेच सापडला. पण गुन्हा नोंदवून झडती घेतली, तर गुणपत्रिकाही मुद्देमालात जमा होणार आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटणार नाहीत. पोरगी इथेच राहिली असती.

एजंटला ठाण्यात बोलावून पत्र पुढे ठेवलं.

"मेरा क्या संबंध, साहेब?"

"ते प्रमाणपत्र तुझ्याशिवाय पाहिलंय कोणी?"

तो हळूच म्हणाला, "समजून घ्या ना. केस नाही ना करणार?"

"भाव करायला आलास काय? चारच्या आत गुणपत्रिका या टेबलावर. पुढचं मग बोलू."

साडेतीनलाच घेऊन आला. पोच घेऊन मी त्या बाहेर बसवलेल्या मुलीच्या हातात दिल्या आणि तिला घरी धाडलं. वडिलांना थांबवून त्यांची फिर्याद लिहून घेतली.

"साहेब, हे काय?" एजंटने विचारलं.

"पुढचं बोलतोय."

झडतीत त्याच्या खणात ते प्रमाणपत्र निघालंच, शिवाय आणखी चार मुलांची तसलीच.

शाबासकी साहेबांना मिळाली. मला मेमो: गुन्हा नोंदवण्यास विलंब. तो राग अजून गेलेला नाही. मात्र आयुष्यभर घाईने भांडलेल्या माणसाला त्या दिवशी एक कळलं: कायदा तोच असतो, पण अर्धा दिवस थांबून वापरला तर एखादं पोर त्याखाली चिरडलं जात नाही.

महिन्याभराने मुलगी परमिट मंजूर झाल्याच्या पत्राची झेरॉक्स देऊन गेली. "सर, एक तुमच्या फायलीला."

मेमोवर तीच टाचून ठेवली आहे. मेमो वाचायचा तर आधी ती उलटावी लागते.