चारशे दिवसांचे डबे

गेटजवळच्या बोर्डावर ३९७ होते. चारशे झाले की लाइनवरच्या प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळणार होता. आणि माझ्यासमोर मंगलची तक्रार होती.

अंबड एमआयडीसीतला हा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मी निवृत्त कामगार वकील, इथल्या अंतर्गत समितीची बाहेरची सदस्य. कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला तर चौकशी करते ती ही समिती. बाहेरचा एक सदस्य कायद्याने लागतोच; घरच्या भांडणात घरचेच सगळे न्यायाधीश नसावेत म्हणून. समितीच्या उद्घाटनाला दीपप्रज्वलन, तीन शाली आणि पाच भाषणे झाली. समिती बसते कुठे, एवढे सांगायचे राहिले.

बोर्डाची कल्पना प्लांट हेड दाते साहेबांची. कारखान्यात 'अपघाताविना दिवस' असा बोर्ड असतो. त्याच्या शेजारी त्यांनी 'छळाच्या तक्रारीविना दिवस' लावला. आकडा रोज सकाळी बदलायचे काम सुपरवायझर शेवाळ्यांकडे, कारण त्यांचे अक्षर सुंदर.

मंगलची तक्रार शेवाळ्यांविरुद्धच होती. पार्ट दाखवायच्या निमित्ताने पाठीवर हात. घरी गेल्यावर व्हिडिओ कॉल. तिने नंबर ब्लॉक केला, तर दुसऱ्या दिवसापासून लाइनवरून काढून तिची ड्यूटी सुटे भाग धुणाऱ्या गरम पाण्याच्या वॉशिंग मशीनवर. महिनाअखेरीस तिचे कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचे होते, आणि शिफारस शेवाळे करणार होते.

"कुणाला सांगितलंस?" मी विचारले.

मंगल देवळ्याकडची. पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "लाइनवरच्या शांतामावशींना. त्या म्हनल्या, थोडं थांब माय, डबे मिळू दे."

"मग?"

"मग काय मॅडम! पाचशेला कुकर हाय."

मी तक्रार घेऊन दाते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती दोनदा वाचली आणि कॅलेंडरकडे पाहिले.

"खरी असेलही, मॅडम. पण तारीख चार दिवस पुढची टाकली तर कुणाचं काय बिघडतं?"

"मंगलचं."

"अहो, डबे कोरून आलेत! 'चारशे दिवस, शून्य तक्रारी.' डायरेक्टर स्वतः येतायत वाटायला."

"मग त्यांच्याच हस्ते शेवाळ्यांचा सत्कार करा. अक्षर खरंच सुंदर आहे."

साहेबांनी चहा मागवला. माझ्यासाठी नाही.

तक्रार करणारीचे नाव गुप्त ठेवायचे, असा कायदा आहे. पण एका सकाळी ३९७ चे शून्य झाले असते, तर ज्यांचे डबे गेले त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाव शोधून काढले असते. मी सांगितले, "बोर्ड आजच उतरवा. नाहीतर माझा राजीनामा जिल्हाधिकारी कचेरीत जाईल, कारणासकट."

बोर्ड उतरला. नोटीस लागली, 'रंगकामासाठी'. मंगलने लेखी मागणी केली होती, त्यानुसार चौकशी संपेपर्यंत शेवाळ्यांना सातपूरच्या युनिटला पाठवले. कॉन्ट्रॅक्टची शिफारस दुसऱ्याकडे गेली.

नोटिशीवर अर्थात कुणाचा विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी शांतामावशी समितीपुढे आल्या, मागे दोघी. मला वाटले, आता डब्यांवरून भांडण. मावशींनी खुर्ची ओढली.

"डबे तर गेलेच," त्या म्हणाल्या. "मग आता आमचं बी लिहून घ्या."

तिन्ही तक्रारी शेवाळ्यांविरुद्ध. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने, म्हणून मावशींची हकीकत आम्ही साक्ष म्हणून घेतली. ती घडली तेव्हा बोर्डावर ऐंशी होते.

चौकशी मुदतीत संपली. आरोप सिद्ध झाले, शेवाळे घरी गेले. मंगल लाइनवर परत आली, नव्या कॉन्ट्रॅक्टसह. दाते साहेब मला भेटले की अजून म्हणतात, "तुम्ही लक्ष घातलंत आणि तक्रारी वाढल्या." वार्षिक अहवालात त्यांनी जवळपास तसेच लिहिले.

डबे दिवाळीत वाटले गेले, कोरलेल्या अक्षरांवर 'शुभ दीपावली'चे स्टिकर चिकटवून. पहिल्याच घासणीत ते निघाले. मंगल त्यातून भाकरी आणते. "वाचायचं नाय," ती म्हणते, "झाकण घट्ट हाय."

आता एखाद्या कारखान्यात कुणी मला अभिमानाने शून्य तक्रारींचा बोर्ड दाखवला, तर मी एकच प्रश्न विचारते. शंभर दिवसांना काय देता?