काट्यावरचा अंगठा

शोभाला हे माहीत नाही. माझ्या भावाला नाही, आणि ज्याच्यासोबत मी रोज दुपारचा चहा पितो त्या गफ्फारभाईलाही नाही. आजवर यातला एक शब्द तोंडाबाहेर गेलेला नाही. तुम्हाला सांगायला बसलोय – आणि बसल्यावरही आधी दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतंय. यंदाच्या सोयाबीनबद्दल, उन्हाबद्दल. माणसं अशीच असतात का? की मीच असा आहे?

बरं. आधी माझं काम सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी परभणीच्या मोंढ्यात मापाडी आहे. शेतकऱ्याचा माल आडत दुकानावर येतो, बोली होते, आणि मग मी तो काट्यावर तोलतो. या कामात एक जुनी लबाडी आहे. पोतं काट्यावर असताना मापाड्यानं नुसता गुडघ्याचा आधार दिला, तरी किलो-दीड किलो माल हवेत जातो. शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून तो आकड्याकडे कमी आणि मापाड्याच्या अंगाकडे जास्त बघतो. मी उमेदीत असतानाच एक सवय लावून घेतली. पोतं ठेवलं की दोन्ही हात वर करायचे, एक पाऊल मागं सरायचं आणि मग आकडा मोठ्यानं पुकारायचा. पोलिसासमोर चोर उभा राहतो तसा. आधी लोक हसले. मग त्यांना त्याची सवय झाली. आता वालूरकडची माणसं गाडी उभी करून माझ्याच काट्यासाठी थांबतात. 'हातवर मापाडी' म्हणतात मला.

हे मी फुशारकीसाठी सांगत नाही. – किंवा सांगतही असेन. ठरवता येत नाही.

शोभा माझी बायको. तिच्या बेंबीपाशी हर्निया झाला होता. खोकली की लिंबाएवढा फुगवटा बाहेर यायचा आणि हातानं दाबला की आत जायचा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वजन सत्तरच्या खाली आणा, नाहीतर टाके टिकणार नाहीत. त्याच वेळी माझी साखर निघाली. मलाही पोट कमी करा म्हणाले. मग आम्ही दोघांनी एकदमच सुरुवात केली. पहाटे पिंगळीच्या रस्त्यानं चालायचो. रविवारी मोंढा बंद असतो आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून दर रविवारी दुकानात जाऊन काट्यावर उभे राहायचो.

तिचं वजन उतरत गेलं. शहाऐंशीवरून चौऱ्याऐंशी, मग ऐंशी. माझं जागचं हलेना. का हलेना, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरी तिच्यासमोर मी अर्धी भाकरी बाजूला सारायचो आणि दुपारी मोंढ्यातल्या हॉटेलात हमालांबरोबर मिरचीभजी खायचो. हे तिला माहीत नव्हतं. एका रविवारी मी काट्यावर उभा राहिलो, तिनं आकडा पाहिला आणि हसून म्हणाली, "अवो, तुमचा काटा गंजलाय का तुमी?"

गफ्फारभाई आमचा जुना हमाल, दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो. तो झाडू मारत होता. तो पण हसला. "मापाडीसाब, भाभी आगे निकल गये. अब तुमे पोते में बैठो!"

एवढंच. दुसरं काही झालं नाही. नवरा-बायकोतली थट्टा. पण ज्या जागेवर सगळा मोंढा माझा आकडा मान खाली घालून ऐकतो, त्या जागेवर ती मला हसली – हे माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. इतक्या लहान गोष्टीवरून माणूस एवढं करतो? मी केलं.

पुढे अठ्ठ्याहत्तरवर तिचंही वजन अडकलं. खरंच अडकलं, त्यात माझा हात नव्हता. दोन रविवार, तीन, चार – अठ्ठ्याहत्तरच. ती काट्यावरून उतरताना गप्प व्हायला लागली. आणि मला – सांगूनच टाकतो – मला बरं वाटायला लागलं. येताना मी तिला रिक्षात बसवायचो, गोड बोलायचो. पडलेल्या माणसाशी गोड बोलणं सोपं असतं.

शेजारी लताताई राहतात. दवाखान्यात सिस्टर होत्या, आता निवृत्त आहेत. शोभा त्यांच्याकडे जाऊन रडली. त्या म्हणाल्या, "अगं, असं हुतंच. तेच खायलीस, तेच चालायलीस, अंगाला सवय झाली. आता बदल कर." मग घरातलं सगळं बदललं. रात्रीची भाकरी गेली, तिथं मुगाची, मटकीची उसळ आली. सकाळी उकडलेली अंडी. येलदरी धरणाचे मासे बाजारात आले की कमी तेलात करायची. सपाट रस्त्यावर रमतगमत चालणं सोडून ती रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या चढायला लागली – चार पायऱ्या जोरात, मग दम, मग परत. लताताईंनी एकच बजावलं होतं, "जड काही उचलायचं न्हाई. पोट तसलं हाय तुझं."

आता ते सांगायचं आलं.

शोभाची एक पद्धत होती. काट्यावर चढली की डोळे मिटायची. मी आकडा पुकारला की मगच उघडायची. त्या रविवारी ती चढली, डोळे मिटले. आकडा वरखाली होऊन थांबला – सत्त्याहत्तर. कोंडी फुटली होती. मी तिच्या मागं उभा होतो. दोन्ही हात सवयीनं वर गेले. आणि चपलेतला उजव्या पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर टेकला. मी टेकवला. 'टेकला' काय म्हणतो मी? आकडा अठ्ठ्याहत्तरवर आला, मी तो तिथं धरला आणि पुकारला.

तिनं डोळे उघडले. आकडा पाहिला. मागं वळून पाहिलं तेव्हा माझे हात वर होते.

"लय झालं वो हे," ती म्हणाली. "आता काय करू?"

ती एकदाच केलेली थट्टा असती तर मी तुम्हाला थट्टा म्हणूनच सांगितली असती. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा पाय ठेवला. त्याच्या पुढच्याही. इतकी वर्षं तोलून माझ्या अंगात एक नेमकेपणा आलाय; किती दाबलं की किती चढतं, हे मला न बघता कळतं. ती जसजशी उतरत गेली तसतसा मी जास्त दाबत गेलो. आधी अंगठा पुरायचा. मग चवडा. दिवाळीपर्यंत अर्धं पाऊल ठेवावं लागायला लागलं. तिचं किती वजन घटलं हे जगात फक्त माझ्या पायाला माहीत होतं. त्या पायाला त्याचा अभिमानही वाटायचा, हे खोटं कशाला बोलू?

तुम्ही विचाराल, कपडे सैल झाले नाहीत का? झाले. ब्लाउज ढिले पडले. तिनं दाखवले तेव्हा म्हणालो, "धुऊन धुऊन कापड सैल पडतंय." गफ्फारभाई एकदा म्हणाला, "भाभी, आधे हो गये तुमे!" तिचा चेहरा उजळला. घरी आल्यावर मी म्हणालो, "त्याला मोतीबिंदू झालाय." ती हसली नाही. ती माझ्यावर विश्वास ठेवत होती. सगळा मोंढा ठेवतो, मग तिनं का ठेवू नये?

तिनं अजून खाणं कमी केलं. उसळ अर्ध्या वाटीवर आली. अंडी बंद. दिवाळीला चकल्या, करंज्या सगळं तिनंच केलं आणि एक तुकडा तोंडात घातला नाही. मी तिच्यासमोर बसून करंजी खाल्ली. सावकाश. म्हणालो, "तुला तर वासानंच चढतंय." तिनं मान खाली घातली आणि माझ्या ताटात अजून एक ठेवली.

तो फुगवटा दुखायला लागला होता. ती म्हणाली, "एकदा डॉक्टरला दाखवून येऊ का?" डॉक्टरकडे काटा होता. मी म्हणालो, "कोणतं तोंड घेऊन जायलीस? सत्तर सांगितलं हुतं त्यांनी. हाकलून देतील." ती गेली नाही.

आणि मग एके दिवशी, जेवताना, मी ते वाक्य बोललो. "पायऱ्या चढून काय हुतंय? आमचे हमाल बघ. एकाच्या अंगावर मांस हाय का? उचलतेत म्हणून." लताताईंनी काय बजावलं होतं, ते मला आठवत होतं. माझ्यासमोरच बजावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून शोभा पाण्याचे भरलेले जार खालून गच्चीवर न्यायला लागली. मी अंगणात पेपर वाचत बसायचो. ती जिन्यात धापा टाकायची, ते ऐकू यायचं. मी उठलो नाही. 'ठेव' म्हणालो नाही.

संक्रांतीच्या आधी, सकाळी, जिन्यातच तिच्या पोटात कळ आली. फुगवटा बाहेर आला तो आत जाईना. दगडासारखा घट्ट झाला. उलट्या सुरू झाल्या. लताताईंनी पोटाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रिक्षा आणा. पळा."

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी, भुलीचं औषध ठरवायला, तिला काट्यावर उभं केलं. दोन बायकांनी दोन्हीकडून उभी केली, मग हात सोडले. तिनं सवयीनं डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, "अडुसष्ट."

शोभानं डोळे उघडले. एवढ्या वेदनेत ती म्हणाली, "न्हाई वो बाई. अठ्ठ्याहत्तर हाय." मग माझ्याकडे वळली. "अवो, सांगा की ह्यांना."

तेव्हा तरी बोलायचं होतं. समोर दार उघडं होतं. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "आमच्या काट्यावर अठ्ठ्याहत्तर भरतंय. तुमचा बघून घ्या."

सिस्टर चिडली. "काका, तुमचा काटा पोत्यांचा. बाजूला व्हा."

आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो काढावा लागला. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, वजन तर कधीच उतरलं होतं, दोन महिने आधी का आणलं नाही? साधं ऑपरेशन होतं. मी मान हलवली. लताताई शेजारी उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, शोभाशी बोलतात. त्यांना काय कळलंय, मी विचारलेलं नाही.

चौथ्या दिवशी शोभाला पेज दिली. दोन चमचे घेतल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "अवो, तुमचा काटाच बिघडला असंल. तपासून घ्या. लोकं तुमच्यावर आळ घेतील. इतक्या वर्षांचं नाव हाय तुमचं."

पोट फाडून पडलेली बाई माझ्या नावाची काळजी करत होती. आणि मला काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. आधी तेच वाटलं. दुसरं जे काही वाटायला हवं होतं ते नंतर, घरी येताना वाटलं, आणि तेही किती खरं होतं मला माहीत नाही.

काटा तपासायला माणूस आला. त्यानं वजनं ठेवून पाहिली, तंतोतंत होता. घरी येऊन मी शोभाला सांगितलं, "बिघडलाच हुता. दुरुस्त केला." ती पोटावरच्या पट्टीवर हात ठेवून हसली. "बघा, म्या उगंच उपाशी मेले. अन् तुमी मला करंजीवरून बोलत हुता." तिच्याबरोबर मीही हसलो.

तिला आता जड काही पचत नाही. भाकरी कुस्करून खाते, तीही थोडी. वजन अजून उतरतंय. आता ते उतरू नये म्हणून डॉक्टर बोलवतात. पोटावर वरपासून खालपर्यंत व्रण आहे. अंघोळीनंतर ती त्याला खोबरेल तेल लावते आणि मी दुसरीकडे बघतो. पुन्हा तिनं कधी दुकानात चला म्हटलं नाही. माझं वजन तेवढंच आहे. दुपारी भजी अजून खातो.

परवा तुरीची पोती घेऊन वालूरचा एक शेतकरी आला. बरोबर त्याचा जावई होता, पहिल्यांदाच मोंढ्यात आलेला. तो माझ्या गुडघ्यांकडे टक लावून बघत होता. सासरा त्याला म्हणाला, "अरे, ह्यांच्याकडं काय बघतूस? ह्यांचं अंग लागत न्हाई काट्याला. परभणीत एकच माणूस हाय असा."

मी पोतं ठेवलं, दोन्ही हात वर केले, एक पाऊल मागं सरलो आणि आकडा पुकारला. आकडा खरा होता.

त्या सगळ्या रविवारीही माझे हात असेच वर होते.